झरीच्या वळणावर घसरलेला दुधाचा ट्रक

ट्रक रस्त्याच्या खाली, तुरीच्या शेतात उभा होता. उलटला नव्हता. पुढची दोन चाकं चिखलात रुतली होती आणि मागचं दार उघडून दुधाचे कॅन खाली घरंगळले होते. फोनवरच्या फोटोत मला एवढंच दिसत होतं. फोटो पाठवणारे होते वाव्हळे साहेब, आमच्या इथल्या एका दूध डेअरीचे मॅनेजर. फोटोखाली त्यांनी एकच वाक्य लिहिलं होतं : "काकू, हे तुमचे ऑल-सीझन टायर."

रेवा, निशांत, मागच्या महिन्यात तुम्ही व्हिडिओ कॉलवर मला गॅरेजमधले बर्फाचे टायर दाखवलेत. थंडी आली की हे चढवायचे, उन्हाळ्यात ते. मग निशांतने विचारलं, "आजी, परभणीत किती वेळा टायर बदलता?" मी म्हटलं, एकदाच, झिजल्यावर. तू हसलास. त्या वेळी ही हकिगत सांगायची होती, पण तुमची शाळेची बस आली. म्हणून आता नीट लिहून पाठवते.

जिंतूर रोडवरचं टायरचं दुकान तुमच्या आजोबांचं. ते गेल्यावर मी सांभाळायला घेतलं, त्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. मी बी.एस्सी. केमिस्ट्रीची. लोक म्हणाले, बाईमाणूस टायर काय विकणार. मी पहिल्या महिन्यात एक रजिस्टर केलं. विकलेल्या प्रत्येक टायरचा नंबर, कोणत्या गाडीला, कोणत्या चाकाला, हवा किती, आणि गाडी परत आली की नक्षी किती उरली. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर जी नक्षी असते तिला आम्ही ट्रेड म्हणतो. तिच्या खाचेची खोली मोजायची एक छोटी पट्टी असते, ट्रेड गेज. ती माझ्या पर्समध्ये असते, चष्म्याच्या शेजारी.

आता टायरचं थोडं समजून घ्या. ट्रकला आमच्याकडे जुनी पद्धत अशी : पुढे रिब टायर, मागे लग टायर. रिबवर सरळ लांब रेघा असतात, त्यामुळे स्टिअरिंग हलकं चालतं. लगवर आडवे जाड ठोकळे असतात, ते चिखलात माती धरतात. पण लग टायर डांबरी रस्त्यावर, विशेषतः आमच्या मे महिन्यात, भराभर झिजतो आणि घरघर आवाज करतो. ऑल-सीझन टायरची नक्षी या दोन्हींच्या मधली असते. शिवाय त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक चिरा असतात. ओल्या रस्त्यावर या चिरा उघडतात आणि डांबराला धरून राहतात. चारही चाकांना एकाच नक्षीचे टायर, त्यामुळे ठरावीक किलोमीटरनंतर त्यांची जागा आपसात बदलता येते आणि सगळे सारखे झिजतात.

डेअरीकडे तीन छोटे ट्रक आणि दोन एसयूव्ही होत्या. ट्रक सकाळ-संध्याकाळ गावोगावचं दूध आणायचे. एक एसयूव्ही साहेबांची, दुसरी जनावरांच्या डॉक्टरांची. रस्ते सगळ्या प्रकारचे : डांबर, खडी, आणि गावात शिरताना काळी माती, जी पाऊस पडला की चपलेला किलो किलो चिकटते. जूनच्या आधी मी वाव्हळे साहेबांना पटवलं की पाचही गाड्यांना ऑल-सीझन टायर घाला. साहेब हिशेबी माणूस. त्यांनी मला तीन वेळा बोलावलं, प्रश्न विचारले, मग हो म्हणाले. "काकू, जिम्मेदारी तुमची," असंही म्हणाले. मी म्हटलं, "माझीच."

जून गेला, श्रावण गेला, भाद्रपदातल्या झडीतही गाड्या नीट चालल्या. ड्रायव्हर दुकानात येऊन सांगायचे, "काकू, गाडी लय बराबर धरायली." आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, परतीच्या पावसात, हा फोटो.

मी फोन केला. पहिला प्रश्न विचारला, "कोणाला लागलं?"

"कोणाला नाही. दूध गेलं."

"गाडीवर कोण होतं?"

"ज्ञानोबा."

ज्ञानोबा डेअरीचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. बावीस वर्षांत त्याच्या नावावर एक ओरखडा नव्हता. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

"आणि तो एकटा नाही," साहेब पुढे म्हणाले. "दुसरा ट्रक पेडगाव फाट्यावर आडवा झाला. तिसरा आमच्या गेटातच घसरला. माझी स्वतःची गाडी रेल्वे फाटकापाशी थांबता थांबेना. एका सकाळी चार गाड्या, काकू. परवापर्यंत कारण सांगा. नाहीतर पाचही गाड्यांचे टायर उतरवून घेऊन जा."

"आणि ज्ञानोबा?"

"त्याला गाडीवरून उतरवलंय. कॅन धुवायला बसवलंय. टायर खराब निघाले तर बघू. टायर चांगले निघाले, तर मग चूक त्याची. मला वर कुणाचं तरी नाव कळवावं लागेल."

म्हणजे पाहा. टायर दोषी ठरले तर माझं पंचवीस वर्षांचं नाव जाणार. टायर निर्दोष ठरले तर ज्ञानोबाचं बावीस वर्षांचं. मी टायर कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. त्याने संभाजीनगरहून, टायर न बघता, उत्तर दिलं, "मॅडम, नाइंटी परसेंट केसेसमध्ये ड्रायव्हर एरर असते." मी म्हटलं, "बाकीच्या दहा टक्क्यांसाठी मी रजिस्टर घेऊन जाते."

दुपारी डेअरीत गेले. घसरलेल्या गाड्या साहेबांनी शेडमध्ये उभ्या करून ठेवल्या होत्या, ज्ञानोबाचा ट्रकही शेतातून ओढून आणला होता. ज्ञानोबा धुण्याच्या हौदापाशी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, लांब ब्रशने कॅन घासत होता. मला बघून उभा राहिला, पण जवळ आला नाही. मीच गेले.

"काय झालं रे ज्ञानोबा? पहिल्यापासून सांग."

"काकू, मी पिलेला न्हवतो. झोपलेला न्हवतो. गाडी चाळीसच्या वर न्हवती."

"ते मी विचारलंच नाही."

"बाकी समदे तेच विचारायलेत." त्याने ब्रश खाली ठेवला. "झरीच्या अलीकडं वळण हाय बगा. म्हशी आडव्या आल्या. मी बिरेक दाबला. अन् गाडी अशी सरकली, जसा साबणावर पाय पडावा. स्टेरिंग माझ्या हातात, पण गाडी माझ्या हातात न्हाई. बावीस वर्षांत असं कदी झालं न्हाई, काकू. लोकं म्हणायलेत, म्हातारा झाला ज्ञानोबा."

"आदल्या दिवशी संध्याकाळी गाडी सरकली होती का?"

"न्हाई. पण तवा रस्ता कोरडा होता."

मी कामाला लागले. आधी ज्ञानोबाच्या ट्रकची हवा तपासली. चारही चाकांत बरोबर. मग ट्रेड गेज लावला. नक्षी भरपूर, रजिस्टरमधल्या आकड्याशी जुळणारी. फुगवटा नाही, चीर नाही, चाकं वाकडी झिजलेली नाहीत. कागदावर टायर उत्तम होता. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण त्याचा अर्थ हौदापाशी उभा होता.

एवढ्यात डॉक्टरांची एसयूव्ही आत आली. तिचा ड्रायव्हर मुख्तारभाई. उतरताच म्हणाला, "सलाम काकू. सगळ्यांच्या गाड्या नाचायल्यात म्हणे. आमची तं मक्खन चालायली."

"आज सकाळी पावसात कुठे होतास?"

"त्याच रस्त्यानं आलो, येलदरीकडून. झरीच्या वळणावरून. ज्ञानोबाच्या मागं अर्ध्या तासानं."

तेच टायर, तोच पाऊस, तेच वळण. आणि गाडी घसरली नाही.

"पण एक सांगू का काकू," मुख्तारभाई तक्रारीच्या सुरात म्हणाला, "डॉक्टरसाहेबांनी दसऱ्यालाच कॅम्प ठेवला. तिकडंच मुक्काम. समद्या गाड्यांची पूजा झाली, आमचीच ऱ्हाऊन गेली. आज आलो तं हार संपले, पेढे संपले. दरसाली मी सोता नारळ फोडतो. बघा, जिची पूजा झाली न्हाई तीच गाडी सीधी चालायली."

मागे उभा असलेला वॉचमन हसला. मी हसले नाही. मी मुख्तारभाईच्या गाडीपाशी गेले आणि टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवला. हाताला धूळ आणि वाळलेली माती लागली. मग ज्ञानोबाच्या ट्रकच्या मागच्या चाकापाशी येऊन तसाच हात फिरवला. हात गुळगुळीत सरकला. पर्समधला पांढरा रुमाल काढून एका बारीक चिरेत बोटाने दाबला आणि ओढला. रुमालावर काळी, चकचकीत रेघ उमटली. मी वास घेतला. डिझेल आणि जळकं इंजिन ऑइल.

"ज्ञानोबा," मी हाक मारली, "दसऱ्याला टायरला काय लावलंस?"

तो ओले हात पुसत आला. "दरसाली लावतो तेच. जळकं आईल, थोडं डिझेल. टायर कसे काळे कुळकुळीत दिसत्यात."

इथे थोडं थांबून सांगते. आमच्याकडे दसऱ्याला ज्याने ज्याने पोट भरतं, त्याची पूजा होते. शेतकरी नांगराची करतो, शिंपी मशीनची, ड्रायव्हर गाडीची. गाडी धुवायची, झेंडूचे हार घालायचे, हळदीकुंकू लावायचं. आणि टायर काळे चमकवायचे. इंजिनमधून काढलेलं जुनं तेल त्यासाठी फुकट मिळतं.

"दरसाली लावतोस, मग आजवर गाडी का घसरली नाही?" मी विचारलं.

ज्ञानोबा विचार करायला लागला. उत्तर देताना जरा लाजला. "दरसाली चिंधीनं पुसतो, वरच्या वर. औंदा टायर नवे होते. अन् नक्षी किती बारीक, काकू! रांगोळीवानी. म्हणलं, चिंधी कशी पोचंल? म्हणून मी दुकानातून ब्रश आणला. एकेका चिरंत तेल घातलं. चार गाड्यांचं मीच केलं, इतरांना काय येतंय. सकाळची फेरी झाल्यापासून दुपारपर्यंत बसलो होतो."

सगळं स्पष्ट झालं. जुन्या टायरचे जाड ठोकळे. त्यांच्यावरचं तेल संध्याकाळच्या एका फेरीत घासून निघायचं. नव्या टायरच्या चिरांनी ते दिव्याच्या वातीसारखं धरून ठेवलं. कोरड्या रस्त्यावर वरचं तेल निघालं, आत उरलेलं कुणाला दिसलं नाही. सकाळी पाऊस आला, चिरा उघडल्या, आणि तेल बाहेर यायला लागलं. ज्या चिरा पकड देण्यासाठी होत्या, त्याच आता वंगण देत होत्या.

ज्ञानोबाच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यालाही समजलंय. तो ट्रकच्या फळीला टेकला. "म्हंजी गल्ती माझीच हाय. मीच चार गाड्या घसरवल्या."

"असं कोणी शिकवलं तुला, टायरला तेल लावायला?" मी जरा चिडूनच विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. बोलू की नको असं त्याचं झालं. मग हळूच म्हणाला, "काकू, तुमच्या दुकानातूनच की. काका व्हते तवापासून दसऱ्याला तुमच्या दारातले टायर चकाचक असत्यात. मला वाटलं, टायरवालेच लावायलेत म्हंजी चांगलंच असंल."

ते खरं होतं. आजोबांची ती पद्धत होती. दारात मांडलेले टायर दसऱ्याला तेलाने पुसायचे, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरावेत म्हणून. विकताना आम्ही ते धुऊन देत असू. पण हे बघणाऱ्याला कुठून कळणार? आणि दुसरी गोष्ट याहून वाईट होती. टायरबरोबर कंपनीचं एक कार्ड येतं. त्यावर सूचना असतात. हवेची, जागा बदलण्याची, वजनाची. त्या सगळ्या मी ड्रायव्हरांना गोळा करून मराठीत समजावल्या होत्या. शेवटची सूचना होती की टायरला तेल किंवा डिझेल लावू नये. ती मी सांगितली नाही. टायरला तेल कोण लावेल, असं मला वाटलं. दर दसऱ्याला माझ्याच दारात लागत असताना. कार्ड मात्र साहेबांच्या केबिनमध्ये इंग्रजीत, व्यवस्थित चिकटवून आले होते.

मी केबिनमध्ये गेले आणि वाव्हळे साहेबांना हे सगळं सांगितलं, कार्डासकट.

त्यांनी कार्डावरची शेवटची ओळ वाचली. मग म्हणाले, "काकू, ही तुमची थिअरी झाली. तुम्ही टायर विकलेत, तुम्ही टायरचीच बाजू घेणार. मला डोळ्यांनी दिसलं पाहिजे."

"दाखवते," मी म्हटलं. "मला अंगण पाहिजे, पाण्याचा पाइप पाहिजे आणि ड्रायव्हर पाहिजे."

"कोणता ड्रायव्हर?"

"ज्ञानोबा."

डेअरीचं अंगण सिमेंटचं, लांबलचक. आम्ही ते पाइपने ओलं केलं. आडवी चुन्याची रेघ ओढली. रिकामा ट्रक तीसच्या वेगाने आणायचा, रेघेवर ब्रेक दाबायचा आणि थांबेल तिथपर्यंत पावलं मोजायची. ज्ञानोबा चढायला तयार होईना. "दुसऱ्या कुणाला सांगा." मी दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि पायरीवर पाय ठेवला.

साहेब धावत आले. "काकू, तुम्ही कशाला बसता? वय काय तुमचं?"

"सदुसष्ट. टायर मी दिलेत. बसणार मीच." मग ज्ञानोबाला म्हटलं, "चल. माझे गुडघे दुखतात, मला जास्त वेळ असं चढून उभं राहता येत नाही."

तो चढला.

रेघेवर त्याने ब्रेक दाबला. ट्रक तिरका होत पुढे गेला, एखाद्या होडीसारखा. थांबला तेव्हा मागचं चाक हौदाच्या कठड्याकडे वळलं होतं. वॉचमनने पावलं मोजली. एकोणीस.

"आता हे टायर धुवायचे," मी खाली उतरून म्हटलं. "साबणाची पावडर मागवा."

"साबणानं न्हाई निघायचं," ज्ञानोबा मध्येच बोलला. पहिल्यांदाच त्याचा आवाज नेहमीसारखा झाला. "सकाळपासून कॅन धुवायलोय, तेवढ्यात कळलं. कॅनाच्या कडंचं तूप साबणाला हालत न्हाई. गरम पाणी अन् कॅन धुवायचा सोडा. मंग ब्रश. तूप निघतं तं तेल कामून निघणार न्हाई?"

मी केमिस्ट्रीची पदवीधर. हे मला आधी सुचायला हवं होतं. त्याला सुचलं.

मी सोडा किती घ्यायचा ते सांगितलं आणि शेवटी साध्या पाण्याने भरपूर धुवायचं, हे बजावलं. ज्ञानोबा कॅनचा लांब ब्रश घेऊन बसला. मुख्तारभाईने बादल्या आणल्या. "पूजेला बोलावलं न्हाई, धुवायला बरोबर सापडलो," असं म्हणत म्हणत दोन चाकं त्यानेच घासली. पाण्यावर काळे तवंग आले. पुन्हा धुतलं, पुन्हा आले. चौथ्या वेळी पाणी नितळ गेलं. मी रुमालाचा दुसरा कोपरा चिरेत दाबला. कोपरा पांढराच निघाला. मग ट्रकला बाहेरच्या खडीवर दोन फेऱ्या मारायला लावल्या.

अंगण पुन्हा ओलं केलं. तोच ट्रक, तेच टायर, तोच ड्रायव्हर, आणि शेजारी मी. रेघेवर ब्रेक दाबला. या वेळी माझा चष्मा नाकावरून घसरला, ट्रक नाही. तो सरळ रेषेत, जमिनीला धरून उभा राहिला.

वॉचमनच्या आधी साहेबांनीच पावलं मोजली. दहा. त्यांनी परत जाऊन पुन्हा मोजली. दहाच.

ज्ञानोबा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता. "धरलं, काकू," एवढंच म्हणाला.

केबिनमध्ये साहेबांनी फाइल काढली. "टायर ठीक आहेत, हे मान्य. पण झरीचा प्रकार कुणाच्या नावावर टाकू? तेल तर यानेच लावलं."

"माझ्या दुकानात बघून लावलं," मी म्हटलं, "आणि लावू नको हे सांगायचं काम माझं होतं. मी पत्र देते." आणि तिथेच बसून डेअरीच्या कागदावर मराठीत पत्र लिहिलं. टायरच्या वापराची एक सूचना विक्रेत्याने चालकांना दिली नाही, त्यामुळे चार गाड्या घसरल्या, चालकाची चूक नाही. खाली सही, दुकानाचा शिक्का. पंचवीस वर्षांत असं पत्र मी कोणाला दिलं नव्हतं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "असं कुणी स्वतःहून लिहून देतं का काकू? उद्या बाजारात लोक बोलतील."

"बोलू द्या. खरं तेच बोलतील."

त्यांनी ज्ञानोबाला गाडीवरून उतरवल्याचा कागद फाइलमधून काढला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकला. मग बेल मारून चहा सांगितला. तीन कप. तिसरा ज्ञानोबासाठी, केबिनमध्ये, खुर्चीवर बसून.

रात्रीपर्यंत बाकीच्या तीन गाड्यांचे टायरही तसेच धुऊन झाले. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाऊस होता. सात वाजता माझ्या फोनवर फोटो आला. झरीचं तेच वळण, रस्त्याच्या मधोमध उभा ट्रक, पुढून चाललेल्या म्हशी. खाली लिहिलं होतं, "धरलं."

पाचही गाड्यांचे तेच टायर अजून चालू आहेत. ज्ञानोबा मागच्या वर्षी निवृत्त झाला. त्याच्या फाइलवर एकही अपघात नाही. निरोपाच्या कार्यक्रमात त्याला बोलायला सांगितलं, तर त्याने बावीस-चोवीस वर्षांचं काही सांगितलं नाही, नव्या ड्रायव्हरांना टायर कसे धुवायचे तेवढं सांगितलं. मी पहिल्या रांगेत होते. आयुष्यात पुष्कळ टायर विकले, पण त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी वाटला नव्हता.

आता दसऱ्याला डेअरीत हार बॉनेटला, हळदीकुंकू नंबर प्लेटच्या वर, आणि टायरला फक्त पाणी. नारळ मुख्तारभाई फोडतो. माझ्या दुकानातले टायर धुळकट दिसतात. नव्या गिऱ्हाइकांना ते आवडत नाही. मी त्यांना रुमाल दाखवते. काळी रेघ अजून गेलेली नाही.

रेवा, तुमच्याकडे टायर चमकवायचा स्प्रे मिळतो असं तुझ्या बाबाने सांगितलं. हौस असेल तर बाजूला मारा, जिथे कंपनीचं नाव लिहिलेलं असतं. जमिनीला टेकतो त्या भागाला नाही. ऑल-सीझन टायर ऊन, पाऊस, चिखल सगळं सोसतो. लाड सोसत नाही.